किल्ल्याखालचं सैन्य

माझे वडील रागावत नाहीत. ते रागातच राहतात, जशी बाकीची माणसं कोथरूडला नाहीतर हडपसरला राहतात. कचरू नागोराव शेजवळ, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, मुक्काम खडकी. सकाळी पेपर उघडला की संपादकावर, दूध आलं की दूधवाल्यावर, आणि दोघंही वेळेवर आले तर त्यांचं कौतुक करणाऱ्यावर. हा वारसा मला, म्हणजे आम्रपालीला, थोरली म्हणून सगळाच्या सगळा मिळाला. धाकटा राकेश आईवर गेला. तो गप्प बसतो, आणि आमच्या घरात गप्प बसणाऱ्याला सगळे गृहीत धरतात.

गेल्या दिवाळीत बाबांनी जे केलं ते आमच्या नात्यात आता हसत हसत सांगितलं जातं. बारशाला, साखरपुड्याला कुणीतरी सुरू करतं, 'अरे, ते कचरूमामांचं चाळणीचं ऐकलं का?' मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी राकेशच्या सैन्याबद्दल सांगायला हवं. राकेश सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पस्तिशी जवळ आली, लग्न नाही, दारू नाही, सिगारेट नाही. रविवारी तो कोथरूडला मित्राच्या घरी जाऊन एका मोठ्या टेबलावर अंतराळातल्या लढाया खेळतो. पुठ्ठ्याच्या पडक्या इमारती, मोजायला टेप, टाकायला फासे, आणि दोन्ही बाजूंना बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे सैनिक. हे सैनिक तयार मिळत नाहीत. राखाडी प्लास्टिकच्या चौकटीत त्यांचे हात वेगळे, पाय वेगळे, डोकी वेगळी अशी येतात. ती कापायची, घासायची, चिकटवायची आणि मग चार केसांच्या ब्रशने रंगवायची. एकेका सैनिकाला राकेश आठवडा घालवतो. त्याच्या सैन्याचं चिलखत राखाडी आणि डावा खांदा निळा. तो निळा त्याने बाजारातल्या बाटलीतला घेतला नाही, स्वतः कालवून काढला. आमच्या घरात जो निळा असतो तो. मी ओळखला, आईने ओळखला. बाबांनी कधी जवळ जाऊन पाहिलंच नाही.

आणि हे सैनिक पुण्यात मिळवणं म्हणजे दिव्य आहे. कुणी परदेशातून येत असेल तर त्याच्या हातापाया पडायचं. बंगळुरातला कुणी खेळ सोडतोय असं कळलं की त्याचे जुने मागवायचे. एकदा त्याला जुन्या बाजारात, मोडक्या खेळण्यांच्या ढिगात, एक खराखुरा अंतराळातला रणगाडा सापडला. त्या दिवशी तो घरी जिलबी घेऊन आला.

"प्रमोशन?" बाबांनी विचारलं.

"नाही. रणगाडा."

बाबांनी जिलबीला हात लावला नाही. त्यांच्या लेखी त्या बाहुल्या होत्या. "आमच्या बापाने रस्त्यावर खडी फोडली, मी कारखान्यात जन्म घालवला, म्हणून हे साहेब झाले. आणि साहेब काय करतात, तर बाहुल्या रंगवतात," हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा झालं आहे की आई ते भांडी घासताना ओठांनी म्हणायची. राकेश एकदाच म्हणाला होता, "बाबा, बाहुल्या नाहीत, मिनिएचर म्हणतात." त्यावर बाबा म्हणाले, "बाहुलीला इंग्रजीत डॉल म्हणतात, तेवढं मला येतं." त्यानंतर राकेशने विषय काढला नाही. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कपाटात वरचे दोन कप्पे त्याने काचेचे करून घेतले आणि सैन्य तिथे उभं केलं.

गेल्या दिवाळीला राकेश ऑफिसच्या कामासाठी जर्मनीत होता. आम्ही, म्हणजे मी, माझा नवरा अभय आणि मुलगी मैत्री, उन्हाळ्यात कर्वेनगरच्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. तिथे विंगवार किल्ल्यांची स्पर्धा असते. मैत्री दहा वर्षांची, उत्साहाने नुसती उडत होती. विटा आल्या, पोती आली, लाल मातीचा ट्रॅक्टर आला. सोसायटीतल्या जुन्या घरांकडे किल्ल्याच्या चित्रांचे डबे असतात, वर्षानुवर्षं साठवलेले. मावळे, गवळणी, तोफा, सिंहासनावरचे महाराज, गुहेतला वाघ. आमच्याकडे असा डबा नव्हता. मी तुळशीबागेतून चार मावळे आणून दिले होते, त्यातल्या एकाचा भाला पिशवीतच मोडला.

मी ऑफिसात होते. बाबा नातीला बघायला म्हणून खडकीहून आले होते. पुढचं त्यांनीच मला सांगितलं आणि नंतर मैत्रीनेही सांगितलं, तेव्हा ते खरं धरायला हरकत नाही. किल्ल्यावर बुरूज कुठे, दरवाजा कुठे, कोणता मावळा कुठे हे बाकीची मुलं ठरवत होती, आणि मैत्री बाजूला बादलीत माती कालवत होती. सकाळपासून. बाबांनी विचारलं, तू का नाही चित्रं मांडत? तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तिच्याकडे चित्रं नाहीयेत ना. म्हणून ती माती करणार."

मूल ते. त्याच्या मनात काही नसेल. अभय हेच म्हणाला, त्या दिवशी आणि नंतर कितीतरी वेळा. मीही मान्य करते की मुलीच्या मनात काही नसेल. पण ज्या माणसाच्या बापाने खडी फोडली, त्याने नातीच्या कोपरापर्यंत चिखल बघायचा आणि हे वाक्य ऐकायचं, आणि वर समजून घ्यायचं? बाबा काही बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटायला हवी. ते तडक खडकीला गेले, आणि दुपारी परत आले ते हातात आईचा पितळी डबा घेऊन.

मी संध्याकाळी गेटमधून आत आले आणि थांबले. किल्ल्यावर मावळे होते, जागच्या जागी, पन्हाळ्यासारखा दिमाख होता. आणि किल्ल्याच्या खाली, चार दिवस आधी पेरलेल्या हळिवाच्या कोवळ्या गवतात, रांगोळीने आखलेल्या मैदानावर, राकेशचं सगळं सैन्य वेढा घालून बसलं होतं. निळे खांदे, मोठमोठ्या बंदुका, यंत्रमानव आणि जुन्या बाजारातला रणगाडा. आजूबाजूला दुसऱ्या विंगांची मुलं तोंड उघडी टाकून उभी होती. मैत्री मधोमध, हात धुतलेली, कुणाला कुठे उभं करायचं ते सांगत होती. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"हे राकेशचं आहे," मी म्हणाले.

"मग? माझ्या घरातलंच आहे."

"त्याला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? धूळ खात पडल्या होत्या."

"बाबा, तो तुम्हाला कधी माफ करणार नाही. आत्ताच्या आत्ता काढा."

तेवढ्यात मैत्रीने माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही ते बघितलं. म्हणाले, "हे बघ, अमू. परीक्षण होऊ दे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः येईन, एकेक उचलीन आणि होता तिथे ठेवीन. त्याला कळणारसुद्धा नाही. मी शब्द देतो."

बाबांचा शब्द म्हणजे काय हे खडकीत कुणालाही विचारा. या माणसाने रागाने नाती तोडली आहेत, पण शब्द मोडलेला नाही. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना तो माहीत आहे. मी वर निघून गेले.

पाडव्याला परीक्षण झालं. परीक्षक म्हणून एक निवृत्त शिक्षक आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वेढा बघितला आणि म्हणाले, "शिवकालात यंत्रमानव होते हा शोध नवाच आहे. कुणी लावला?"

"शत्रूच्या बाजूला लावलेत," बाबा खुर्चीतून म्हणाले. "शत्रू काय, कुठूनही येतो."

वेढ्याला विशेष उल्लेखनीय म्हणून प्रमाणपत्र मिळालं. मैत्रीच्या नावाने. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि खिशात घातलं, मैत्रीला दिलंच नाही.

आता जे झालं ते का झालं हे समजायला आमचं खडकीचं घर माहीत हवं. कारखान्याच्या गेटवर काडेपेटी काढून ठेवूनच आत जायचं, असं बाबांचं आयुष्य गेलं. घरात फटाक्याची वात कधी आली नाही. दिवाळीच्या संध्याकाळी बाबा खिडक्या लावून घेत, कानात कापूस घालत आणि आम्हाला पाढे म्हणायला बसवत. आम्हीही लहानपणी किल्ला करायचो. तो महिनाभर वाळत, भेगाळत राहायचा आणि मग आई ती माती कुंड्यांत घालायची. किल्ल्याचा शेवट असाच होतो असं बाबांना वाटत होतं, कारण त्यांनी दुसरा पाहिलाच नव्हता.

बाकीच्या पुण्यात तो वेगळा होतो. भाऊबीजेच्या संध्याकाळी उरलेसुरले सुतळी बॉम्ब किल्ल्यात खुपसतात आणि किल्ला उडवतात. दरवर्षी, घरोघर. त्यात वावगं कुणाला काही वाटत नाही. आम्ही तिघं त्या दिवशी अभयच्या बहिणीकडे मुंढव्याला गेलो होतो. बाबा खडकीत, कानात कापूस. आणि आमच्या विंगच्या मुलांनी मावळे काढून घेतले, ते आपले ना, मग शत्रूच्या छावणीत बॉम्ब पेरले. बरोबरच आहे त्यांचं. वेढा घालणाऱ्या शत्रूचं दुसरं काय करायचं असतं?

सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. मी तो मुंढव्याला, जेवणाच्या पानावर बसून बघितला. एक आवाज, दुसरा आवाज, मातीचा लोळ, आणि त्या लोळात उडणारे निळे ठिपके. मागून कुणाच्या तरी बाबांचा हौशी आवाज, "शत्रूचा खात्मा! मंडळी, टाळ्या!" खाली टाळ्यांची चित्रं आणि अंगठे. मला असा संताप आला की मी पानावरून उठले. मैत्रीने व्हिडिओ पाहिला आणि ती रडली नाही. तिने विचारलं, "आता आजोबांच्या शब्दाचं काय होणार?"

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. 

"उडवतात?" बाबा म्हणाले. "स्वतः केलेला किल्ला?"

"हो बाबा. सगळीकडे उडवतात."

"माती कुणाला उचलू देऊ नकोस," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पहाटेच्या पहिल्या बसने ते आले. आले तेव्हा झाडणाऱ्या बाईंनी अर्धी माती गोळा करून जास्वंदीच्या वाफ्यात टाकली होती. बाबांनी शेजारच्या बांधकामावर जाऊन वाळू चाळायची चाळणी मागून आणली, विटांवर तिरकी उभी केली, आणि फावड्याने माती टाकायला सुरुवात केली. सत्तरीच्या पुढचा माणूस. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. माती खाली पडायची, वर खडे, सुतळीचे धागे, गेरूची ढेकळं राहायची, आणि त्यात कुठे निळं चमकलं की बाबा वाकून बोट घालायचे. एक हात. एक खांदा. अर्धी बंदूक. डोकी सगळ्यात लहान, हरभऱ्याच्या डाळीएवढी, ती खड्यांत ओळखूच यायची नाहीत. सापडेल ते आईच्या त्याच पितळी डब्यात.

मी गॅलरीतून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बाबांवर, कारण हे सगळं त्यांनीच ओढवून घेतलं होतं. लोकांवर, कारण ते येता-जाता थांबत होते. "आजोबा, सोनं पडलं का?" "आजोबा, मोहेंजोदडो लागलं का?" ज्यांच्या पोरांनी बॉम्ब लावले तेच. एकाच्याही मनात आलं नाही की आपणही एक फावडं धरावं.

सेक्रेटरी विश्वजीत आगाशे यांची गाडी नेमकी किल्ल्याच्या जागी लागते. ते कडक इस्त्रीत खाली आले.

"काय चाललंय? आपण शोधताय की पेरताय?"

"शोधतोय," बाबा मान वर न करता म्हणाले. "डोकी. तुमचं हरवलं असेल तर सांगा, दिसलं तर बाजूला ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर सूचना लागली. 'सोसायटीच्या आवारात पूर्वपरवानगीशिवाय उत्खनन करण्यास सक्त मनाई आहे.' बाबांनी ती शांतपणे वाचली आणि त्याच बोर्डाला टेकवून फावडं ठेवलं. मग मी खाली उतरले. आगाशेंना म्हणाले, किल्ला उडवायला पूर्वपरवानगी कुणी दिली होती ते आधी बोर्डावर लावा, मग बाकीचं बघू. ते म्हणाले, "मॅडम, खेळणी आहेत हो ती. किती मनाला लावून घ्याल?" मी तोंड उघडणार होते, पण बाबाच बोलले.

"खेळणी नाहीत," ते म्हणाले. "मिनिएचर म्हणतात."

 त्यांनी फावडं उचललं आणि माती टाकली.

दरम्यान मी नवीन सैनिक शोधायला बाहेर पडले, कारण राकेश पुढच्या आठवड्यात येणार होता. लक्ष्मी रोडला एका खेळण्यांच्या मोठ्या दुकानात विचारलं, अंतराळातले सैनिक आहेत का, प्लास्टिकचे, लहान. मालक पेपरातून वर न बघता म्हणाले, "पृथ्वीवरचे संपले, म्हणून अंतराळातले ठेवले नाहीत." कॅम्पात एकाने मला बॅटरीवर चालणारा, गाणं म्हणणारा रोबो दाखवला. रविवार पेठेत घाऊकवाल्याने हिरव्या सैनिकांची गोणी पुढे केली आणि किलोचा भाव सांगितला. इंटरनेटवर सापडले, पण ते राखाडी, चौकटीतले, सुटे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी उगाच वणवण करते आहे. प्लास्टिक मिळेल. राकेशचे आठवडे कुठल्या दुकानात मिळणार?

खडकीला गेले तर घरात पेपर पसरलेला, त्यावर हात-पाय-डोकी, आणि बाबा चष्म्यावर चष्मा चढवून फेव्हिक्विकने चिकटवत होते. आई टॉर्च धरून उभी होती.

"राकेशला फोन करून सांगा," मी म्हणाले.

"समोर सांगणार."

"निदान माफी मागा."

"तुझं काम झालं असेल तर जा," बाबा म्हणाले. त्यांची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती.

राकेश आला त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिथे होते. त्याने बॅग ठेवली, आईच्या पाया पडला, बॅगेतून एक मोठा खोका काढला. जर्मनीत त्याला एका गल्लीत या सैनिकांचं अख्खं दुकान सापडलं होतं. ते सांगताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. खोका ठेवायला तो कपाटाकडे गेला आणि थांबला.

काचेमागे सैन्य रांगेत उभं होतं. कुणाचा हात वितळलेला, कुणाचा पाय दुसऱ्याचा. खांद्यांवर मातीचे लालसर डाग. रणगाडा एका बाजूने काळा. फेव्हिक्विकचे पांढरे ओघळ चेहऱ्यांवरून उतरलेले. आणि पुढे उभा एक सैनिक, ज्याला डोकंच नव्हतं.

"हे काय आहे?"

"मी नेले होते," बाबा म्हणाले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "मैत्रीच्या किल्ल्यावर. पोरांनी उडवले. सापडले तेवढे जोडलेत. एकाचं डोकं राहिलंय."

 राकेश माझ्या माहितीत पहिल्यांदा ओरडला. शेजारच्यांनी दार उघडलं इतक्या मोठ्याने.

"विचारलं का नाही? एक फोन करता येत नव्हता? आयुष्यभर बाहुल्या म्हणालात! बाहुल्या, बाहुल्या! माझ्या मित्रांसमोर, पाहुण्यांसमोर, मुलगी बघायला गेलो तर मुलीच्या बापासमोर! बाहुल्या होत्या ना? मग नेल्या कशाला? न्यायच्या कशाला बाहुल्या?"

"तिला माती कालवायला बसवली होती!" बाबाही ओरडले. "माझ्या नातीला! तिच्याकडे मांडायला काही नाही म्हणून! घरी आलो, सगळं घर बघितलं. भांडी बघितली, कपाट बघितलं. चार लोकांत नेऊन मांडावं असं आपल्या घरात दुसरं काय होतं, सांग? काय होतं?"

आईने पदर तोंडाला लावला. राकेश बाबांकडे बघत राहिला. त्याचा राग गेला नव्हता, तो मला त्याच्या मानेत दिसत होता. पण तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

त्याने काच सरकवली, एक सैनिक उचलला आणि दिव्याखाली धरला. "डोकं उलटं लावलंय," तो चिडून म्हणाला.

"कुणाचं?"

"सगळ्यांचं. ही मागची बाजू आहे. शिरस्त्राणाची."

"मला वाटलं, तोंड झाकलेलं असेल," बाबा म्हणाले.

मी तिथून निघाले. थांबले असते तर दोघांनाही बोलले असते. जिन्यात येईपर्यंत दोघांची वरच्या पट्टीतली वादावादी ऐकू येत होती, कुठला हात कुणाचा यावरून.

राकेशने बाबांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. बाबांनी माफी मागितली नाही, हे मात्र माहीत आहे. सैन्य आता पुन्हा रंगवून होत आलं आहे. वितळलेले हात राकेशने तसेच ठेवलेत. लढाईत गेलेत म्हणतो. ते बिनडोक्याचं एक तेवढं राहिलं. खरं तर तो प्रश्न कधीच सुटला होता. जर्मनीहून आणलेल्या खोक्यात जादा डोकी असतात, दरवेळी उरतात. राकेशने त्यातलं एक कापून, घासून बाबांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, हे लावा आणि संपवा एकदाचं.

बाबांनी ते चष्म्यासमोर धरून बघितलं आणि परत दिलं. "हे त्याचं नाही," म्हणाले.

म्हणून दर रविवारी, राकेश कोथरूडला खेळायला निघाला की बाबा त्याच्या गाडीवर मागे बसून येतात आणि कर्वेनगरला उतरतात. शर्टाच्या खिशात ते बिनडोक्याचं मिनिएचर असतं. ते जास्वंदीच्या वाफ्याशी उकिडवे बसतात आणि खुरप्याने माती उकरतात. आगाशे आता त्यांना वळसा घालून जातात. मी गॅलरीतून ओरडते, बाबा, पुरे झालं, झाडाची मुळं उघडी पडली, वर या, जेवण गार होतंय. मला अजूनही तितकाच राग येतो.

"येतो," ते म्हणतात. "एवढा कोपरा राहिलाय."

मग मैत्री हात पुसत खाली जाते आणि त्यांच्या शेजारी बसून चिखलात हात घालते.